बारा नंबरचं सोनं

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुचेता लघाटेने नेहरू नगरच्या घरातून स्कूटर बाहेर काढली. आईला तिने सांगितलं होतं, "चारच्या चहाला परत येते. एकच ग्राफ काढायचाय." आईने पोह्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "तुझा एक ग्राफ म्हणजे काय ते मला पाठ झालंय." मे महिना होता, भोपाळ भाजून निघत होतं, आणि प्रयोगशाळेत एसी होता. रविवारी कामावर जायला एवढंही कारण पुरत होतं.

सुचेता छत्तिशीची, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झालेली, आणि स्वतःवर भलताच विश्वास असलेली बाई. हा विश्वास फुकाचा नव्हता. शहराबाहेरच्या त्या संस्थेतलं फोटोएमिशनचं यंत्र तिने पहिल्या नटबोल्टपासून उभं केलं होतं. 'बहुतेक' हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. एखादी गोष्ट असायची किंवा नसायची, आणि नसली तर समोरच्याचं चुकलेलं असायचं. विद्यार्थी तिला घाबरत आणि तिच्यामागे तिची नक्कल करत. ते तिला माहीत होतं, आणि नक्कल बरी जमते असं तिचं मत होतं.

तिचं काम थोडक्यात असं. काही स्फटिक पुरेसे गार केले की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. त्यातली एक जात अशी, की इतरांच्या मानाने बऱ्याच चढ्या तापमानालाही ती अतिवाहकच राहते. का राहते, हे चाळीस वर्षं होत आली तरी कुणाला नीट सांगता आलेलं नाही. सुचेता त्या स्फटिकांवर हेलियमच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पाडायची. प्रकाशाच्या धक्क्याने आतले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. त्यांची ऊर्जा मोजली की ते आत कसे नांदत होते ते कळतं. गार असताना ते जोड्या जमवतात, आणि जोड्या जमल्या की आलेखात एक रिकामी जागा पडते. तिला सगळे गॅप म्हणतात. स्फटिक तापवत नेला की जोड्या मोडतात आणि गॅप भरून येते.

तिच्या स्फटिकाची गॅप ब्याण्णव केल्विनला भरून यायला हवी होती. तिने मोजली तेव्हा मीटरवर एकशे चाळीस होते आणि गॅप सताड उघडी होती. जगात कुणाकडे असा आलेख नव्हता. तिने तो शोधनिबंध करून पाठवला. पुढच्या महिन्यात तिला नोकरीत कायम करायची मुलाखत होती, आणि ती या एका निबंधावर उभी होती. दोन परीक्षकांनी वाहवा केली. तिसऱ्याने एकच ओळ लिहिली होती: त्याच तापमानाला घेतलेली सोन्याची कड दाखवा.

ती ओळ वाचून सुचेताला सदाशिवकाका आठवले, आणि थोडा रागच आला.

सदाशिव पागे मूळचे नागपूरचे. पिपलानीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, निवृत्त झाल्यावर या प्रयोगशाळेत कंत्राटावर आले. स्फटिक बोटाच्या नखाहून लहान. तो तांब्याच्या छोट्या प्लेटवर चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढा चिनीमातीचा खुंट चिकटवायचा, हे काम काकांइतकं सुबक कुणाचं नव्हतं. चेंबरमधली हवा काढून टाकली की लांब दांडीने त्या खुंटाला टिचकी मारतात. खुंट वरचा पापुद्रा घेऊन उडतो आणि खाली हवा न लागलेला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. तो सात-आठ तासच ताजा राहतो. काकांनी चिकटवलेला खुंट एका टिचकीत उडायचा. गोंद लावला की ते प्लेट लगेच ओव्हनमध्ये टाकत नसत. स्वच्छ कागदात गुंडाळून दहा मिनिटं मुठीत धरून बसत. "ओव्हन एकदम चटका देतो, मॅडम. आधी अंगाची ऊब लागू दे." त्या वेळी त्यांच्या गालात लवंग असायची.

स्फटिकाच्या डावीकडे बरोबर चार मिलिमीटरवर ते सोन्याच्या वर्खाचा एक तुकडा लावायचे. सोनं म्हणजे या कामातला थर्मामीटर. धातूतले इलेक्ट्रॉन एका ठरावीक ऊर्जेपर्यंत भरलेले असतात आणि तिथे त्यांची कड असते. थंडीत थिजलेलं तूप चमच्याने कापावं तशी ती गार असताना धारदार दिसते, ऊब लागली की पघळते. कड किती पघळली हे मोजलं की तापमान कळतं. मीटर बिघडेल, वायर सुटेल, पण सोनं काही लपवत नाही.

जानेवारीत काका म्हणाले होते, "मॅडम, तापमानाच्या सेन्सरचा स्क्रू सैल वाटतोय. तो हीटरला टेकलाय, नमुन्याला नाही. एकदा खोलून पक्का करू."

चेंबर उघडायचं म्हणजे पुन्हा हवा काढणं, दोन दिवस भाजणं, आठवडा गेला. "पेपर गेल्यावर बघू," सुचेता म्हणाली.

"मग निदान सोन्याला विचारा ना. त्यात काय जातंय?"

"काका, पृष्ठभाग शिळा होतो तोवर. मीटर आहे की समोर."

काका आणखी एकदा म्हणाले, मग बोलले नाहीत. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता ते गेले. सुचेता तेव्हा परिषदेसाठी बंगळुरूला होती. त्यांच्या घरच्यांना भेटायला जायचं ते आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं.

त्यांच्या हातचा एक नमुना उरला होता, बारा नंबर. त्या बॅचचा तो शेवटचा स्फटिक. आदल्याच दिवशी, शनिवारी, परागने, तिच्या विद्यार्थ्याने, तो काकांच्या डब्यातून काढून बाजूच्या छोट्या कप्प्यातून चेंबरमध्ये चढवला होता; त्यासाठी चेंबर उघडावं लागत नसे. काकांचं काम भिंगाखाली तपासायची पद्धत नव्हती. त्यांच्या शब्दावर सुचेताने विश्वास ठेवला नव्हता, पण हातावर डोळे मिटून होता.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, बिनखिडक्यांची. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत दिवा मालवला की काहीच दिसत नव्हतं. मोजताना बाहेरचा उजेड चेंबरमध्ये शिरू नये म्हणून काचेचे सगळे झरोके अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकलेले असत, आणि सुचेता खोलीतले दिवेही बंद करी. राहायचा तो फक्त संगणकाचा पडदा. गारवा देणाऱ्या यंत्राचा ठक्-फुस्, ठक्-फुस् असा आवाज भिंतीतून यायचा. नवी मुलं त्याला बिचकत. सुचेताला त्या आवाजात झोपही लागे.

बाराच्या ठोक्याला तिने दांडीने टिचकी मारली. खुंट पहिल्याच टिचकीत उडाला. "शाब्बास काका," ती मोठ्याने म्हणाली.

मीटरवर पंधरा केल्विन. तिने स्फटिक मोजला. गॅप उघडी, स्वच्छ, पुस्तकात छापावी अशी. मग नमुना चार मिलिमीटर सरकवला आणि सोन्यावर दिवा धरला. पाच मिनिटांत पडद्यावर कड उमटली.

ती पघळलेली होती.

सुचेताने पडद्याजवळ तोंड नेलं. पंधरा केल्विनला कड उभ्या भिंतीसारखी हवी. ही चांगली घसरगुंडी होती. तिने प्रोग्रॅमला तापमान काढायला सांगितलं. त्याने आकडा दिला: ३१०.१.

"काहीतरीच," ती म्हणाली, आणि पुन्हा मोजलं. ३१०.०. पुन्हा. ३१०.१.

तिने परत स्फटिकावर येऊन पाहिलं. स्फटिक गारच होता, गॅप जागच्या जागी. तीनशे दहाला त्यात गॅपचा मागमूसही उरला नसता. म्हणजे एकाच तांब्याच्या प्लेटवर, चार मिलिमीटरच्या अंतरात, एकीकडे बर्फाहून कितीतरी गार आणि दुसरीकडे… तिने मनातल्या मनात दोनशे त्र्याहत्तर वजा केले. सदतीस अंश सेल्सिअस. तांब्यातून उष्णता क्षणात पसरते. हे होऊ शकत नाही, हे तिला बारावीपासून माहीत होतं.

तिने परागला फोन लावला. तो शिवाजी नगरला मावशीकडे जेवत होता.

"बारा नंबर तूच चढवलास ना? कशाला हात लावलास का?"

"नाही मॅडम, कसम से. काकांच्या डब्यात होता तस्साच चढवला. क्यों, क्या हुआ?"

"काही नाही. जेव तू."

घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. एक तास तिने सगळं तपासून काढलं. ऊर्जेचं मोजमाप बरोबर. दिवा बरोबर. हवेचा दाब बरोबर. दर वेळी स्फटिक गार, आणि दर वेळी चार मिलिमीटर डावीकडे सदतीस अंश. ना साडेछत्तीस, ना अडतीस. निरोगी माणसाच्या अंगाचं असतं तितकं. शेवटी तिने हीटर लावला आणि मीटर एकशे चाळीसवर नेला. परीक्षकाला हवं होतं ते तापमान. डाव्या बाजूला तरीही तीनशे दहा.

तेव्हा तिला लवंगेचा वास आला.

वास अगदी पुसट होता. एसीच्या हवेत, तापलेल्या वायरच्या वासात मिसळलेला. ती खुर्चीत ताठ झाली. भिंतीतला ठक्-फुस् चालूच होता. तिला एकदम ती मूठ आठवली. कागदात गुंडाळलेली प्लेट, तिच्यावर मिटलेली जाड, तेलकट रेषांची बोटं, आणि घड्याळाकडे शांतपणे पाहत बसलेला माणूस. आधी अंगाची ऊब लागू दे.

आता मात्र ती घाबरली. दिवा लावायला उठावं तर बटण दाराजवळ, आणि दार चेंबरच्या पलीकडे. ती बसूनच राहिली.

"काका…?"

ठक्-फुस्. ठक्-फुस्.

"काका, तुम्ही सांगितलं होतंत… मी ऐकलं नाही."

पडद्यावर पुढचं मोजमाप पुरं झालं. ३१०.१. एवढ्याने भागणार नव्हतं. आणि का भागणार नव्हतं, हे त्या अंधारात तिला स्वच्छ कळलं. तिने अर्धंच सांगितलं होतं.

"पृष्ठभाग शिळा होतो म्हणून नाही…" ती म्हणाली. "फेब्रुवारीत, एका नमुन्याला, वेळ होता माझ्याकडे. चांगले दोन तास होते. मी मुद्दाम नाही मोजलं सोनं. मला भीती वाटली… की तुमचं बरोबर निघेल. एकशे चाळीस आकडा मला हवा होता, काका. फार हवा होता."

हे ती आजवर स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती. बोलल्यावर तिला रडू आलं, आणि रडताना हलकंही वाटलं. अंधारात तिने ओढणीने नाक पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं.

कड हलत होती.

आधी तीनशे. मग दोनशे साठ. दोनशे दहा. एखाद्याने मूठ सावकाश, एकेक बोट करून उघडावी तशी ती कड उभी होत गेली. एकशे तीस. शंभर. अठ्ठ्याऐंशीवर येऊन ती थांबली आणि पुढची चार मोजमापं जागची हलली नाही. मीटर एकशे चाळीस दाखवत होता. सोनं अठ्ठ्याऐंशी सांगत होतं. अठ्ठ्याऐंशीला गॅप उघडीच असते, त्यात नवल काहीच नाही. तिचा जगावेगळा शोध म्हणजे एक सैल स्क्रू होता.

सुचेताने ते चारही आलेख साठवले. आधीचे, तीनशे दहाचे, तेही साठवले. मग चेंबरला वळसा घालून गेली आणि दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. घरी पोहोचली तेव्हा सव्वाचार झाले होते आणि आईने तिच्या चहावर झाकण ठेवलं होतं.

सोमवारी ती विभागप्रमुख मनोहर सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मी निबंध मागे घेतेय."

सर चष्मा काढून बघत राहिले. "मुलाखतीच्या तोंडावर? सुचेता, लोक हसतील."

"हसू देत. तापमान चुकलंय. मी चुकवलंय."

"आणि नोकरी?"

"मिळाली तर खऱ्या आकड्यावर मिळेल. यंत्र माझ्याइतकं चांगलं इथे कुणाला चालवता येत नाही, हे काही बदललेलं नाही." सर हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी परागवर चेंबर उघडण्याचं काम सोपवून ती पिपलानीला गेली. काकांची मुलगी वैशाली कारखान्यात नोकरीला, तिच्या क्वार्टरमध्ये शकुंतलाकाकू राहत होत्या. बाहेर तुळशीजवळ कुणाची तरी जुनी स्कूटर झाकून ठेवली होती. काकूंनी पाणी दिलं. सुचेताने उशिरा आल्याबद्दल माफी मागितली, आणि मग जे खरं सांगायचं होतं तेही सांगितलं. की काकांचं बरोबर होतं, आणि तिने ऐकलं नव्हतं. रविवारच्या आकड्यांचं मात्र ती बोलली नाही.

काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते रागावले नव्हते हो तुमच्यावर. म्हणायचे, मॅडम जिद्दी आहेत, पण खोट्या नाहीत. थांबा, तुमची एक वस्तू राहिलीय आमच्याकडे."

त्यांनी कपाटातून एक घडी घातलेला शर्ट काढला आणि खिशातून कागदाची पुडी. "गेले त्या दिवशी सकाळी घालून तयार झाले होते तो शर्ट. शनिवार असूनही लॅबला जायचं म्हणत होते. एका नमुन्याचं काम अर्धं राहिलंय, सोमवारच्या आत पूर्ण करतो म्हणाले. मी धुतला नाही अजून."

पुडीवर काकांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: बारा नंबर. सोनं लावायचं आहे.

आत वर्खाचा एक तुकडा होता. नखाच्या टोकाएवढा.

सुचेताने काकूंचा निरोप कसा घेतला, ते तिला नंतर आठवलं नाही. ती थेट प्रयोगशाळेत आली. परागने सगळे दिवे लावून काम चालवलं होतं. "मॅडम, सेन्सरचा स्क्रू सैलच होता. चांगला अर्धा आटा फिरला," तो उत्साहाने म्हणाला. "आणि बारा नंबर काढून ठेवलाय. सकाळपासून सगळं बंदच आहे, गार करायचं, तापवायचं, दोन्ही."

तिने प्लेट भिंगाखाली धरली. मधोमध स्फटिक होता. त्याच्या डावीकडे चार मिलिमीटरवर पेन्सिलीने काढलेलं एक बारीक वर्तुळ होतं, सोनं कुठे लावायचं ते दाखवायला. वर्तुळ रिकामं होतं. गोंदाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिथलं तांबं हवेने काळवंडलेलं, मळकट. असल्या मळक्या तांब्यावर कड दिसत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

परागने भिंगातून पाहिलं.

"मॅडम… इथे सोनं लावलेलंच नाहीये."

"हो."

"मग रविवारच्या फाइलमध्ये जी कड आहे… ती सोन्याचीच ना?"

"बहुतेक," सुचेता म्हणाली.

पराग तिच्याकडे बघायला लागला. तिने पुडी उघडली, चिमट्याने वर्खाचा तुकडा उचलला आणि गोंदाच्या एका थेंबावर तो त्या वर्तुळात नेमका बसवला. अर्धं राहिलेलं काम पूर्ण झालं. मग तिने स्वच्छ कागद घेतला, प्लेट त्यात गुंडाळली आणि घड्याळात पाहून मुठीत धरली. दहा मिनिटं.

एसी चोवीसवर होता. टेबलावरचं तांबं हाताला गार लागायला हवं होतं. प्लेट आधीच कोमट होती.